मदत हवी आहे: ९५०० पाउंडाची विंच दुसऱ्याच ओढीत बसते, १२००० ची घेऊ का? (जिप्सी, नागपूर)

चिखलबंबाट:

नमस्कार मंडळी. मोठं लिहिणार आहे, आधीच सांगतो, पण अर्धवट सांगितलं की मग "डिटेल टाक भाऊ" सुरू होते म्हणून सगळंच टाकून राहिलो.

गाडी २००६ ची जिप्सी, १३०० सीसी एमपीएफआय, री-पासिंग झालेली. ३१ इंची मड टायर, थोडी लिफ्ट, रोल केज, लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा) नाही, पैसे नाहीत. पुढे हिंगण्याच्या एका फॅब्रिकेटरकडून लोखंडी बंपर बनवून घेतला, त्यात ९५०० पाउंडाची इलेक्ट्रिक विंच (ड्रमवर वायर गुंडाळून अडकलेली गाडी ओढून काढायची मोटर), स्टीलची वायर २८ मीटर. बॅटरी एकच, ६५ एएचची (अँपिअर-अवर). परवा धर्मकाट्यावर चढवली तर आम्ही दोघं उतरून १३४० किलो भरली. कंपनीतून निघाली तेव्हा टनाच्या आसपास असेल, बाकीचं लोखंड आपण हौसेनं चढवलं.

आता प्रकार. मागच्या महिन्यात उमरेडच्या बाजूला एका वावरात छोटी हौशी स्पर्धा होती, बारा-तेरा गाड्या. आदल्या रात्री पाऊस कोसळला होता आणि आपली काळी माती काय असते ते विदर्भातल्या माणसाला सांगायला नको, उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा आणि पावसात नुसता साबण. शंभर फूट गेलो नसेन तर टायरच्या सगळ्या खाचा बुजून चार गुळाच्या भेल्या फिरून राहिल्या होत्या. पहिले तीन स्टेज तरी बरे गेले. चौथा स्टेज म्हणजे नाल्यातून वर काठावर चढायचं, दोन गेटमधून, टाइम वीस मिनिटं, गेटच्या पट्टीला टच झालं की पेनल्टी. विंच लावल्याशिवाय कोणाचीच गाडी चढत नव्हती.

माझा साळा को-ड्रायव्हर. त्यानं वर एका बाभळीला पट्टा गुंडाळून शॅकल (पिनेची लोखंडी कडी) लावला, हूक अडकवला, वायरवर ओलं पोतं टाकलं, सगळं नियमानं. पहिली ओढ मस्त. नाल्यातून निघालो, चाकं काठावर आली. तिथं गाडी पोटावर बसली म्हणून दुसरी ओढ सुरू केली तर विंचचा आवाज जड होत होत गेला, हेडलाइट पिवळे पडले, मग नुसतं कट-कट-कट-कट, आणि माझं इंजिनच बंद! इग्निशन दिलं तर फ्यूएल पंपाचा आवाज पण नाही. गाडी नाक वर करून वायरला लटकलेली, मी ब्रेकवर पाय देऊन आत, साळा गुडघाभर चिखलात रिमोट धरून माझ्याकडं पाहून राहिला आणि मी त्याच्याकडं. टाइम आउट. शेवटी वावरवाल्या काकांनी ट्रॅक्टर लावून काढलं, पैसे घेतले नाहीत, फक्त एवढंच विचारलं की हे तुम्ही पैसे भरून करता का.

तर आता, ज्याच्याकडून विंच घेतली तो म्हणतो ही लहान पडते, १२००० ची घ्या. मित्र म्हणतात दुसरी बॅटरी टाक. ऑटो इलेक्ट्रिशियन म्हणतो अल्टरनेटर मोठा लागेल. तीन माणसं तीन बिलं. बजेट पंचवीस हजार, त्यातले घरी दहाच सांगितलेत. पुढची स्पर्धा तीन आठवड्यांवर आहे. आधी काय करू?

अजून एक, छोटं: हा बंपर लावून वर्धा रोडनं गाडी नेताना पोट दुखते. चालानचा काय अनुभव?

रिव्हर्सगिअर:

१२००० घे बिनधास्त. मोठी विंच कधी वाया जात नाही.

वाडीवाला:

थांब भाऊ, पैसे खिशातच ठेव. आधी तीन गोष्टी सांग. झाड किती लांब होतं? ड्रमवर वायर किती शिल्लक होती? आणि विंचचं अर्थिंग कुठं लावलंय, बॅटरीच्या मायनसला की बॉडीला?

चिखलबंबाट:

झाड दहा-अकरा मीटरवर असेल. म्हणजे ड्रमवर निम्म्याहून जास्त वायर होती. अर्थिंग बंपरच्या ब्रॅकेटला बोल्ट मारून दिलंय, इलेक्ट्रिशियनंच दिलं. प्लसची केबल डायरेक्ट बॅटरीवरून आहे, वेल्डिंग केबल, चांगली जाड दिसते.

बाभूळकाटा:

हे "जाड दिसते" प्रकरण नंतर पाहू. आधी हिशोब करू कारण विंच लहान नाहीच आहे तुझी.

९५०० पाउंड म्हणजे साधारण ४३०० किलो. पण हा आकडा ड्रमवर शेवटचा, आतला एकच थर उरलेला असतो तेव्हाचा आहे. वर जेवढे थर तेवढा ड्रम जाड होतो आणि प्रत्येक थराला दहा-पंधरा टक्के ओढ कमी होते. तुझ्या ड्रमवर तीन-चार थर होते म्हणजे हातात राहिले २८०० च्या आसपास. आता गाडी. रिकव्हरीवाले एक ठोकताळा वापरतात, चाकापर्यंत रुतली की गाडीच्या वजनाइतकी ओढ धर, फेंडरपर्यंत गेली की दुप्पट. तू पोटावर बसला होता, वर चढ, म्हणजे दुप्पटच धर. १३४० दुणे २६८०. आलं लक्षात? विंच कमी नव्हती, पण तू तिला अगदी काठावर नेऊन उभी केली, आणि काठावर असलं की करंट पण शेवटच्या आकड्यापर्यंत जाते. या साइजच्या विंचा फुल लोडला चारशे अँपिअरच्या घरात खातात.

स्नॅच ब्लॉक, म्हणजे वायर फिरवायची कप्पी, लावला असता तर? वायर झाडाच्या ब्लॉकमधून फिरून परत गाडीला, विंचवर निम्मा लोड, घर्षणाचे थोडे जोडून साधारण दीड हजार किलो. शिवाय बावीस मीटर वायर बाहेर गेली असती म्हणजे ड्रम पण आतल्या थरावर. स्पीड निम्मा होतो हे खरं, पण वीस मिनिटांच्या स्टेजमध्ये हळू चालणारी विंच चालते, बंद पडलेली नाही चालत.

ब्लॉक आहे का तुझ्याकडं?

चिखलबंबाट:

आहे ना बे, हेच तर. मागच्या सीटखाली होता. टाइम वाचवायला म्हणून नाही काढला. साळा म्हणतच होता.

वाडीवाला:

साळ्याचं ऐकत जा.

आता माझं. मी ट्रकच्या वायरिंगमध्ये वीस वर्षं घातली, वाडीत. इंजिन बंद पडलं याचा अर्थ बॅटरीचं व्होल्टेज खूप खाली गेलं आणि ईसीयूनं (इंजिनच्या कंप्युटरनं) हात टेकले, तो बॅटरीचा भाग. पण विंच त्याच्या आधीच जड झाली तो केबलचा भाग असू शकतो. अंदाजानं नको बोलू, मोज. मल्टिमीटर डीसीवर ठेव. एक प्रोब बॅटरीच्या प्लस खांबावर, दुसरा विंचच्या प्लस बोल्टवर. विंच लोडवर चालव आणि वाच. जेवढे व्होल्ट दिसतील तेवढे त्या केबलनं खाल्ले. मग तसंच मायनस खांब ते विंचच्या मोटरचा अर्थ बोल्ट. दोन्हीकडं अर्ध्या व्होल्टच्या आत पाहिजे. लोड द्यायला झाडाला वायर लाव आणि मागून दुसरी गाडी बांध, हँडब्रेकवर भरोसा नको. वायरच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही, लहान पोरं तर आवारातच नको.

रिव्हर्सगिअर:

एवढं सगळं करण्यापेक्षा बॅटरी टाकून मोकळा हो ना.

बाभूळकाटा:

बॅटरी टाकावी लागेलच, पण काहून ते तर समजू दे त्याला. २५० अँपिअर एक मिनिट ओढले की चार एएचच्या वर गेले. अल्टरनेटर साठचा धरला तरी त्या मिनिटात एकच एएच परत येतो. म्हणजे ओढ चालू असताना अल्टरनेटर मोठा केला काय न केला काय, बॅटरीच मरते. अल्टरनेटरचा फायदा दोन ओढींच्या मधल्या वेळात. म्हणून विंच लावताना इंजिनचा आरपीएम वर ठेवायचा आणि ओढ संपली की दोन मिनिटं तसंच चालू ठेवायचं. तू ठेवला होता का?

चिखलबंबाट:

आयडलला होता. लिहून घेतलं.

आजचा रिपोर्ट. मामेभावाच्या घरी, कोराडीकडं, आवारात मोठा कडुलिंब आहे. त्याला पट्टा लावला, माझ्या मागे मित्राची थार बांधली, घरच्यांना ओट्यावर बसवलं, मामी म्हणे झाडाला काही झालं तर बघ. मीटर लावला. प्लसकडं ०.६ व्होल्ट, जवळपास ठीक. मायनसकडं १.७!! मी तीनदा मोजलं. विंचच्या बोल्टवर लोडमध्ये नऊ व्होल्ट पण नव्हते.

मग बंपरचा अर्थ बोल्ट खोलला. आता ऐका, मी तो बंपर आणि ब्रॅकेट जास्तीचे पैसे देऊन पावडर कोटिंग करून घेतला होता, काळा मॅट, सगळे विचारत होते कुठून केला. इलेक्ट्रिशियननं त्या कोटिंगवरच लग (केबलच्या टोकाचा धातूचा कान) ठेवून बोल्ट आवळलेला. म्हणजे एवढा सगळा करंट फक्त बोल्टच्या आट्यांमधून जात होता. वॉशर निळा-काळा पडलेला आणि लगच्या खालचं कोटिंग फोड आल्यासारखं फुगलेलं. लगवरची प्लास्टिक नळी कापली तर आत केबलच्या निम्म्याच तारा दाबलेल्या, बाकीच्या बाहेर वाकवून टेप मारलेला.

वाडीवाला:

हाव. हेच असते. ट्रकमध्ये पण दहातले सात प्रॉब्लेम अर्थचेच निघतात, माणूस बॅटऱ्या बदलत बसते.

१.७ व्होल्टला २५० अँपिअरनं गुण, सव्वाचारशे वॅट. एवढ्याची कपडे धुवायची मशीन फिरते, तू एक बोल्ट गरम करत होता. आता बॉडी-बिडी सोड. विंचच्या मोटरपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत डायरेक्ट कॉपर केबल, ५० स्क्वेअर एमएमची घे, ७० ची मिळाली तर उत्तम. लग हायड्रॉलिक क्रिंपिंगनं दाबून घे, हातोडीनं नाही. अन् प्लसला मेन कट-ऑफ स्विच टाक, पुढच्या स्पर्धेत चेकिंगला मागतीलच, नाही मागितला तरी टाक. त्या केबलला बंपरची धार घासली अन् शॉर्ट झाली तर मधे फ्यूज नसतो हे ध्यानात ठेव.

चिखलबंबाट:

केलं. इतवारीतून केबल आणली, क्रिंपिंग बूटीबोरीच्या एका पॅनलवाल्याकडं करून घेतलं, त्यानं लगचे पैसे घेतले फक्त. सगळं मिळून बॅटरीच्या किमतीच्या पावभर पण नाही झालं. कडुलिंबाला परत लावली. मायनसकडं ०.३. मित्राची थार सेकंड गिअरमध्ये, ब्रेक दाबलेला, ती घसरत आली. मामीनं ओट्यावरून टाळ्या वाजवल्या.

आता उरलेल्या पैशात सिंथेटिक रोप घेऊ की दुसरी बॅटरी? वायरीची कुसळं निघायला लागली, साळ्याच्या ग्लोव्हमधून एक तळव्यात घुसलं, पिनेनं काढलं तर अर्धा इंच निघालं.

बाभूळकाटा:

कुसळं निघाली म्हणजे ती वायर संपली, प्रश्न बॅटरीचा नाही मग. रोप घे. हलका असतो, तुटला तर स्टीलसारखा चाबूक होऊन येत नाही (तरी ओलं पोतं टाकायचंच). पण दोन गोष्टी. विंचच्या तोंडाचे, वायर बाहेर येते तिथले, रोलर बदल. स्टीलच्या वायरीनं त्यांना खाचा पाडलेल्या असतील, त्या नव्या रोपला ब्लेडसारख्या कापतात, अॅल्युमिनियमचं गुळगुळीत तोंड लाव. तुझा स्नॅच ब्लॉक पण बोट फिरवून पाह्य, आत चाकाला धार आली असेल तर तो पण बाद. दुसरं, रोप सोडताना मोटरनं उलटा सोडत बसू नको, क्लच मोकळा करून हातानं ओढ. या विंचांचा ब्रेक ड्रमच्या आतच असतो, उलटं फिरवलं की तापतो, आणि हा डायनीमा (सिंथेटिक रोपचा धागा) दीडशे अंशाच्या आतच वितळायला लागतो. मे महिन्यात नागपुरात बोनेटवर पोळी भाजते तिथं हे जास्त सांगत नाही. झाकायला कव्हर पण घे, उन्हानं पण मरतो तो.

चालानचं राहिलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, २०१९ ला सुप्रीम कोर्टानं पण सांगितलं की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये असा बदल चालत नाही, आणि २०१७ च्या डिसेंबरमध्ये केंद्रानं क्रॅश गार्ड, बुल बारवर राज्यांना पत्र काढलंय. यात युक्ती-बिक्ती नाही. आम्ही चौघं मिळून टेम्पो करतो, गाड्या त्यावर टाकून नेतो. डिझेल वाटून घेतलं की झालं, येताना अॅक्सल तुटला असला तरी घरी येते.

रिव्हर्सगिअर:

टेम्पोत जागा असेल तर मला पण सांगा. आणि १२००० वाली माझीच विकायची होती, म्हणून म्हटलं होतं.

वाडीवाला:

😂 तरीच.

चिखलबंबाट:

रोप ऑर्डर केला, तोंड पण. बॅटरी दिवाळीनंतर. ब्लॉकमध्ये बोट फिरवलं तर खरंच धार लागते, कानशीनं घासून पाहिलं पण मन मानत नाही. पुढच्या रविवारपर्यंत कोणाकडून एक चांगला स्नॅच ब्लॉक मिळेल का? स्पर्धेनंतर सोमवारी परत देतो.

वाडीवाला:

माझा घेऊन जा, रात्री आठनंतर ये, दुकान उघडं असते. अन् येताना तो बो शॅकल पण घेऊन ये, होळीला नेला होता तुझ्या साळ्यानं.