मदत हवी आहे: गुलमर्गच्या बर्फात एनडी फिल्टर कोणता, माइक कुठे?

नमस्कार मंडळी. लातूर-नांदेडचे आम्ही चार मित्र फेब्रुवारीत गुलमर्गच्या अफरवट डोंगरावर फ्रीराइड स्कीइंगची (आखलेली वाट सोडून मोकळ्या बर्फावरचं स्कीइंग) फिल्म करतोय. गाइड ठरलाय, अडलंय कॅमेऱ्यापाशी: एनडी फिल्टर (लेन्समध्ये येणारा प्रकाश कमी करणारी गडद काच) आणि माइक.

ऑटोवर बर्फ राखाडी पडतो, म्हणून एक्स्पोजर मॅन्युअल. सेकंदाला २५ फ्रेमला शटर १/५०, स्लो मोशनला १०० फ्रेमवर १/२००. लॉगमध्ये (नंतर रंग दुरुस्त करायचं फिकट रेकॉर्डिंग) बेस आयएसओ ८००, अ‍ॅपर्चर एफ ५.६, भर उन्हात एनडीचा हिशोब जातो ८ स्टॉपवर (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), स्लो मोशनला ६. हातमोजे घालून दर वेळी फिल्टर कोण बदलणार? आणि व्हेरिएबल (फिरवून कमी-जास्त गडद होणारा) घ्यावा तर वाइड लेन्सला आभाळात काळा पट्टा हमखास. तुम्ही काय वापरता?

दुसरं, जास्त महत्त्वाचं. हिमस्खलनाचा बीकन (बर्फाखाली गाडलेल्याला शोधायला सिग्नल देणारं-घेणारं यंत्र) छातीवर असतो; मोबाइल, रेकॉर्डर त्यापासून निदान २० सेंमी लांब हवेत, शोध घेताना ५० सेंमी. नाहीतर सिग्नल बिघडतो. मग वायरलेस माइकचा ट्रान्समीटर लावायचा कुठे? हेल्मेटमागे वारा, पँटच्या खिशात वायर लांब. सरळ माइकच गाळावा का?

बॅटऱ्या आतल्या खिशात, खोलीत येण्याआधी कॅमेरा झिपच्या पिशवीत, हे माहीत आहे. पण थंडीचा अनुभव नाही, आपल्याकडे ४२ डिग्रीत कॅमेरा तापून बंद पडतो. उणे १२ मध्ये एक बॅटरी साधारण किती मिनिटं चालते, ते कुणी वापरलेल्यानेच सांगा.