2016 चा गेमिंग माऊस डबल क्लिक मारतोय: दुरुस्त करायचा की नवीन घ्यायचा?

निम्मी_रात्र:
मंडळी, मत हवंय, आणि कारणासकट हवंय. माझा माऊस 2016 सालचा, वायरवाला, त्या वेळी चांगले पैसे मोजून घेतलेला. गेले काही महिने डावं बटण एकदा दाबलं की दोनदा लागतं, म्हणजे फोल्डरवर नुसतं क्लिक केलं तरी उघडतं, फाईल ओढून नेताना मध्येच सुटते आणि व्हॅलोरंट या नेमबाजीच्या गेममध्ये स्प्रे, म्हणजे बटण दाबून सलग गोळीबार, धरून ठेवला की मधेच तुटतो, ते तर फारच लागतं जिवाला. बाकी माऊस ठणठणीत आहे. सेन्सर कधी उडत नाही, म्हणजे पॉइंटर भरकटत नाही, वायर शाबूत, आणि माझ्या हाताला त्याचा आकार असा बसलाय की दुसरा कुठलाही हातात घेतला की परका वाटतो. धाकटा भाऊ म्हणतो तीन हजारांच्या आसपास लॉजिटेकचा जी304 येतो, वायरलेस आहे, घेऊन टाक आणि विषय संपव. मला एका बटणासाठी आख्खा माऊस टाकणं पटत नाही. माझं मत दुरुस्तीच्या बाजूने, पण विरुद्ध बाजू ऐकायचीय.

ठाणेकर:
विरुद्ध बाजू मी मांडतो. नवीन घे. आणि हे डबल क्लिकमुळे म्हणत नाहीये, ते निमित्त आहे. 2016 च्या सुमाराला जड माऊस म्हणजे भारी माऊस अशी समजूत होती, कंपन्या सोबत वजनं द्यायच्या, खालचं झाकण उघडून आत बसवायची. लॉजिटेकचाच जी502 घे उदाहरणाला, मुळात 121 ग्रॅम आणि वर प्रत्येकी 3.6 ग्रॅमची पाच वजनं. 2020 मध्ये त्यांचाच जी प्रो एक्स सुपरलाईट आला तो 63 ग्रॅमच्या आत, वायरलेस असून. म्हणजे निम्मं वजन. कमी सेन्सिटिव्हिटीवर, म्हणजे माऊस बराच हलवला तरी नेम थोडाच सरकतो अशा सेटिंगवर, खेळत असशील तर गेममध्ये 180 अंश वळायला पूर्ण हात फिरवावा लागतो, तेवढं ओझं रोज रात्री मनगटाने का ओढायचं? ज्यांनी हलका माऊस नीट आठवडाभर वापरलाय त्यातले फार थोडे परत जडकडे गेलेले पाहिलेत मी.

सोल्डरवाली:
ठाणेकर, वजनाचा मुद्दा बरोबर आहे पण तो विचारलेला प्रश्न नाही. निम्मी रात्र, तुझ्या माऊसमध्ये बिघडलंय काय ते आधी बघ. बटणाखाली एक छोटा मायक्रोस्विच असतो, त्यात तांब्याच्या मिश्रधातूची पातळ पट्टी ताणून बसवलेली असते, दाबलं की ती टक्कन उडून दुसऱ्या टोकाला टेकते. वर्षानुवर्षं दाबून पट्टीचा ताण कमी होतो आणि टेकते त्या जागेवर ऑक्साईडचा थर धरतो, मग एकदा टेकण्याऐवजी थरथरत दोनदा टेकते आणि माऊसला वाटतं दोन क्लिक झाले. हल्लीच्या माऊसमध्ये या स्विचमधून करंट इतका कमी जातो की तो थर जळून साफ होत नाही, हेही एक कारण सांगतात. एवढंच बिघडलंय. जोडी शे-दोनशे रुपयांच्या आत मिळते, तीन पायांचा भाग आहे, पायांचा डाख (सोल्डर) वितळवून काढायचा आणि तिथेच दुसरा बसवायचा.

आणि सेन्सरचं म्हणाल तर 2014 ला पीएमडब्ल्यू3366 हा सेन्सर आला तेव्हाच माणसाच्या हाताला पुरेल इतकी अचूकता मिळाली होती. त्यानंतरचे 25 हजार, 30 हजार डीपीआय (माऊस एक इंच हलवला की सेन्सर किती ठिपके मोजतो तो आकडा) हे खोक्यावर छापायचे आकडे. प्रो खेळाडू बहुतेक 400 ते 800 डीपीआयच ठेवतात. त्यामुळे 'जुना सेन्सर' हे कारण चालणार नाही.

हेडशॉट:
सोल्डरवाली ताई, तुम्हाला हातचं काम येतं म्हणून सोपं वाटतंय. प्रत्येकाकडे सोल्डरिंग आयर्न नाही. माऊसचे स्क्रू खालच्या टेफ्लॉनच्या पट्ट्यांखाली लपलेले असतात, त्या उचकटल्या की वाकतात, मग नवीन पट्ट्या घ्या. आत वरचं झाकण आणि खालचा भाग जोडणारी रिबन केबल असते, झाकण जोरात उचललं की ती फाटते आणि मग खरंच आख्खा माऊस जातो. शिवाय आज डावं बटण, उद्या स्क्रोल उलटसुलट फिरेल, परवा बाजूचं रबर चिकट होईल. आमच्याकडे वसईला दमट हवेत तो मऊ कोटिंगचा थर दोन-तीन पावसाळ्यांत हाताला गोंदासारखा लागतो, ते कितीही पुसा, जात नाही, कारण तो थरच विघटित होत असतो. जुन्या वस्तूत एक दुरुस्त करेस्तोवर दुसरं निघतं आणि आपला शनिवार-रविवार गेला. माझं मत सरळ: बदल.

मिरजेचा:
मी गेमिंग कॅफे चालवतो, रोज पोरं चौदा-पंधरा तास माऊस बडवतात, त्यामुळे या विषयावर थोडं बोलतो. हेडशॉट म्हणतात ते रबराचं खरंय, रबर गेलं की मी माऊस बाजूला काढतो, त्याला इलाज नाही. पण नुसतं डबल क्लिक असेल तर फेकत नाही कधीच. आमच्या गल्लीत मोबाईल रिपेअरवाला आहे, मोबाईलच्या बोर्डावर काम करणाऱ्याला हे तीन पाय म्हणजे काहीच नाही, स्विच मी नेऊन देतो तो चहा पिईस्तोवर बसवून देतो. आणि एक सांगतो, डावा बदलताना उजवाही बदलून घ्या, दोघांचा आवाज आणि दाब वेगळा लागला की खेळताना सारखं लक्ष तिकडेच जातं.

ठाणेकर:
कॅफेचं गणित वेगळं आहे हो. तुम्हाला वीस माऊस चालू ठेवायचेत, त्याला एक हातात धरायचाय. आणि स्विच बदलून तरी काय, परत तसलाच धातूचा स्विच, परत तीन-चार वर्षांनी तेच. ऑप्टिकल स्विचमध्ये प्रकाशाचा किरण अडतो किंवा सुटतो, धातूला धातू टेकून सिग्नल द्यायचा प्रश्नच नाही, त्यामुळे थरथर नाही आणि डबल क्लिकही नाही. 2019 च्या रेझर वायपर या माऊसमध्येही हेच होतं. ज्या दुखण्याला कायमचं औषध आलंय त्यावर मलम कशाला?

सोल्डरवाली:
ऑप्टिकल चांगलाच आहे, नाकारत नाही. पण मग भावाने सुचवलेला जी304 घेऊन तो प्रश्न सुटत नाही, त्यातले स्विच धातूचेच आहेत. तीन हजार घालून परत तेच दुखणं घ्यायचं असेल तर दोनशे रुपयांत का नको? आणि धातूचा म्हणजे सगळे सारखे नव्हेत. ओमरॉन या स्विच बनवणाऱ्या कंपनीचा डी2एफ-01एफ हा अगदी कमी करंटसाठी बनवलेला आहे, त्याच्या संपर्काच्या जागी सोन्याचं मिश्रधातू असतं, सोन्यावर ऑक्साईड धरत नाही. माऊसमध्ये करंट कमीच असतो, म्हणजे नेमका तिथला भाग.

हेडशॉट:
त्याच स्विचचा डेटाशीट, म्हणजे कंपनीचा माहितीचा कागद, बघा, किमान 10 लाख वेळा एवढंच लिहिलंय. माऊसमध्ये नेहमी असतो त्या ओमरॉनच्याच साध्या डी2एफसीवर 2 कोटी. मग महाग घेऊन कमी आयुष्य?

सोल्डरवाली:
हा चांगला मुद्दा काढलात. 2 कोटी हा पट्टी मोडेपर्यंतचा यांत्रिक आकडा आहे. रोज 5 हजार क्लिक धरले तर 2 कोटी पुरायला जवळजवळ 11 वर्षं लागतील, आणि तरी लोकांचे माऊस दोन-तीन वर्षांतच डबल क्लिक मारतात. म्हणजे मरण पट्टी मोडून येत नाही, संपर्क खराब होऊन येतं. त्यामुळे त्या आकड्यावर स्विच निवडू नये. कैल्ह कंपनीचा जीएम 8.0 स्विच पण चालेल, क्लिक जरा कडक आहे.

निम्मी_रात्र:
मध्ये एक विचारतो, काहीजण सॉफ्टवेअरमध्ये डिबाउन्स, म्हणजे एका क्लिकनंतर दुसरा न मोजण्याचा वेळ, वाढव म्हणतात, त्याने भागेल का?

मिरजेचा:
काही दिवस भागतं. 30 मिलिसेकंद ठेवलं तर तेवढ्यात आलेला दुसरा क्लिक माऊस गिळतो, आपण कितीही भरभर दाबलं तरी सेकंदाला दहा-बारा क्लिकच्या वर जात नाही त्यामुळे खरे क्लिक सहसा जात नाहीत. पण स्विच आतून खराब होतच राहतो, मग 30 चं 50 करा, 50 चं 80. स्विच येईपर्यंत वापरा, त्याच्या भरवशावर राहू नका.

ठाणेकर:
निम्मी रात्र, तुझा निर्णय तुझा, पण एक कर. दुरुस्तीला द्यायच्या आधी मित्राचा कुणाचातरी 60-70 ग्रॅमचा माऊस एक संध्याकाळ आणून खेळ. आणि 'परका वाटतो' हे लगेच म्हणू नकोस, सेन्सरची जागा हाताखाली थोडी पुढेमागे असते त्यामुळे पहिल्या दिवशी नेम हुकणारच. मनगट दुखत असेल तर दोनशे वाचवण्यात काही अर्थ नाही. मनगटाचं दुखणं चिवट असतं, मी जवळून बघितलंय.

निम्मी_रात्र:
मनगट दुखत नाही दादा, ते खरंच तपासून बघितलं, जुन्याला वजनं होती ती मी पहिल्याच वर्षी काढून ठेवली होती. रबरही अजून कोरडं आहे, पुण्याची हवा उपयोगी पडली. त्यामुळे दुरुस्तीच करतोय, डावा-उजवा दोन्ही डी2एफ-01एफ घालून. शनिवारी तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत शोधतो, नाही मिळाले तर ऑनलाईन मागवतो. रबर गेलं किंवा सेन्सर उडायला लागला तर मात्र ऑप्टिकल स्विचवाला हलका घेईन, तिथे ठाणेकरांचं म्हणणं पटलंय. भावाला जी304 हवाय तो त्याचा त्याने घ्यावा, त्याला खरंच गरज आहे.

सोल्डरवाली:
उघडताना स्विचवरचा तो छोटा ठिपका, म्हणजे दाबायचा भाग, कुठल्या टोकाला आहे त्याचा फोटो काढून ठेव. तो मधोमध नसतो, उलटा बसला की बटण नीट टेकणार नाही. झाकण उचलताना आधी बोटभर वर करून रिबन केबल कुठल्या बाजूला आहे ते बघ आणि मगच सोडव. टेफ्लॉनच्या पट्ट्या स्विचबरोबरच मागवून ठेव, नाहीतर माऊस पॅडवर खरखरेल आणि तुला वाटेल दुरुस्तीत काहीतरी बिघडलं.