१०० मिलिवॅटचा एएम ट्रान्समीटर: एफसीसीचे तपासनीस आले तर?

प्रश्न: अमेरिकेत एफसीसीच्या (तिथल्या दळणवळण आयोगाच्या) नियमांतल्या भाग १५ खाली विनापरवाना प्रसारण करतो. तपासणीत नेमकं काय बघतात?

उत्तर १: आधी अर्थची तार. कलम १५.२१९ प्रमाणे अँटेना, फीडलाइन (ट्रान्समीटरपासून अँटेनापर्यंतची तार) आणि अर्थची तार मिळून ३ मीटरच्या आत हवी. ट्रान्समीटर छपरावर आणि तार थेट जमिनीपर्यंत, इथेच माणूस अडकतो. ती लांब तारच प्रसारण करू लागते.

उत्तर २: १०० मिलिवॅट म्हणजे ट्रान्समीटरच्या शेवटच्या स्टेजला (अँटेनाच्या आधीच्या सर्किटला) दिलेली पॉवर, अँटेनातली नव्हे. १२ व्होल्टला ८.३ मिलिअँपिअर. मीटर लावायला टेस्ट पॉइंट बाहेर आणून ठेवा, त्यांच्यासमोरच मोजून दाखवता येईल.

उत्तर ३: मागितल्यावर उपकरण दाखवावंच लागतं, टाळाटाळ नको. व्यत्यय येतोय असं त्यांनी कळवलं तर लगेच बंद करा, मर्यादेत असलात तरी. दोष निघेपर्यंत पुन्हा सुरू करायचं नाही.