सगळे ०-० वर सुरू करतात म्हणून सगळे सारखे?

साउथसाइडकर: "अमेरिकी बेसबॉलचा नवा हंगाम म्हणजे कोरी पाटी, पहिल्या दिवशी शून्य विजय, शून्य पराभव, ३० संघ सारखेच" असं काल कुणीतरी लिहिलं. वाचून डोकं फिरलं. मी शिकागोच्या व्हाइट सॉक्स संघाचा चाहता. २०२४ मध्ये १६२ पैकी १२१ सामने हरलो, आधुनिक काळातला नीचांक. तिकडे लॉस एंजेलिसचा डॉजर्स संघ एकट्या ओहतानी या खेळाडूला ७० कोटी डॉलर देतो, त्यातले ६८ कोटी करार संपल्यावर. कसली कोरी पाटी? पाटी पैशांनी आधीच भरलेली असते.

वेल_आणि_वीट: काल लिहिणारी मीच. आमचे शेजारी आजोबा शिकागोच्याच दुसऱ्या संघाचे, कब्सचे चाहते. दर एप्रिलला टोपी घालून सांगायचे, "पोरी, हे वर्ष आपलं." तेव्हा कब्सच्या रिग्ली मैदानाच्या भिंतीवर आयव्हीच्या वेलाच्या नुसत्या काड्या असतात, पानं मे महिन्यात. १९०८ नंतर विजेतेपद थेट २०१६ ला जिंकलो आणि आजोबा २०१४ ला गेले. टोपी माझ्याकडे आहे. त्यांची आशा खोटी होती म्हणता?

साउथसाइडकर: आजोबांबद्दल आदर आहे. पण कब्सही श्रीमंतच!

पक्या_फ्रीमाँट: पैसा सोडा, खेळाचा जीव त्या पिच क्लॉकने, चेंडूफेकीच्या घड्याळाने घेतला. पिचरला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याला १५ सेकंद! या खेळाला घड्याळ नव्हतं, तेच तर त्याचं वैभव.

दोन_पोरांची_आई: पक्यादादा, तीन तासांचे सामने तुम्ही बघा. २०२३ पासून साधारण पंचवीस मिनिटं वाचतात, म्हणून माझी पोरं शेवटची इनिंग जागेपणी बघतात.

पक्या_फ्रीमाँट: मग क्रिकेटचंही टी-२० च ठेवा, कसोटी बंद करा!

दोन_पोरांची_आई: कसोटीला मध्येच आणू नका. षटकांची गती मंदावली की तिथेही दंड होतो. नवव्या, शेवटच्या इनिंगला पिचर सारखा टोपी नीट करत उभा राहतो, यात कसलं वैभव?

साउथसाइडकर: विषय काय, चाललात कुठे!

कॉलिझियमची_माती: तुम्हाला हरायला तरी संघ आहे. २६ सप्टेंबर २०२४ ला कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये आमच्या 'अ‍ॅथलेटिक्स' संघाचा शेवटचा सामना झाला. मैदानातली माती कागदी पेल्यात घेऊन आलो, ती खिडकीत आहे. संघ आता सॅक्रामेंटोत, पुढे लास वेगास. मार्च आला की लेक विचारते, "बाबा, पहिला सामना कधी?" काय सांगू?

साउथसाइडकर: यावर माझ्याकडे उत्तर नाही, भाऊ. मालकांवरचा राग कायम आहे. पण पहिल्या सामन्याचं तिकीट मी काढलंय, तेही खरं. टोपीवाल्या ताई, तेवढ्यापुरतं तुमचं बरोबर.

पक्या_फ्रीमाँट: आणि घड्याळाचं काय?