जुन्या स्विफ्टमध्ये नवा स्टिरिओ बसवताना मूळ वायर कापू द्यावी का?

होटगी रोडकर: माझ्याकडे 2016 ची स्विफ्ट आहे. दर पंधरवड्याला पुण्याला जाणे होते आणि शेजारच्या सीटवर ठेवलेल्या फोनकडे वाकून नकाशा पाहत गाडी चालवणे आता बरे वाटत नाही, म्हणून अँड्रॉइड ऑटो (फोनवरचा नकाशा गाडीच्या पडद्यावर दाखवणारी सोय) असलेला टचस्क्रीन स्टिरिओ घेण्याचे ठरवले आहे. दुकानदार म्हणतो की कपलरचे (मूळ वायर न कापता नवा स्टिरिओ जोडणाऱ्या प्लगचे) सहाशे रुपये वेगळे पडतील, नाहीतर मूळ वायर कापून थेट जोडून देतो, काही फरक पडत नाही. खरोखरच फरक पडत नाही का? शिवाय खोक्यावर ‘50 वॉट × 4’ असे लिहिले आहे; एवढी ताकद जुन्या स्पीकरना झेपेल का?

जुना वायरमन: फरक पडतो, आणि तो मी भोगला आहे. माझ्या आधीच्या गाडीत कारागिराने वायरी कापल्या, पीळ दिला आणि वर काळी टेप गुंडाळली. आपल्याकडचा मे महिना, त्यात गाडी दिवसभर उन्हात उभी. टेपचा डिंक पातळ होऊन ती सुटली, उघडी तार स्टिरिओमागच्या लोखंडी पट्टीला टेकली आणि फ्यूज उडाला. फ्यूज होता म्हणून तेवढ्यावर निभावले. सहाशे रुपये द्या आणि तुमच्याच मॉडेलचा कपलर घ्या, म्हणजे गाडी विकताना मूळ स्टिरिओ पुन्हा जसाच्या तसा बसवता येईल. तुमच्या गाडीतला स्टिरिओ डॅशबोर्डच्या आकारात घडवलेला असल्यामुळे वेगळी फ्रेमही लागेल. तिचे पैसे आधीच विचारून ठेवा.

काम झाल्यावर चावी काढून दहा मिनिटे थांबा आणि पुन्हा चालू करून पाहा. ठरवलेली स्टेशने आणि आवाजाची मांडणी पुसली गेली असेल, तर पिवळी आणि लाल वायर उलटी लागली आहे असे समजा. पिवळीला बॅटरीचा कायमचा पुरवठा हवा, लाल वायरला चावी फिरवल्यावरच मिळणारा. दोन्ही एकत्र करून बॅटरीला जोडल्या, तर चावी काढल्यावरही स्टिरिओ चालू राहतो आणि बॅटरी उतरते. स्टिअरिंगवरची बटणे असतील तर त्यांच्या वायरीही जोडायला सांगा आणि प्रत्येक बटण नव्या स्टिरिओला ‘शिकवून’ घ्या.

ध्वनीवेडा: वॉटच्या आकड्याने घाबरू नका आणि हुरळूनही जाऊ नका. इंजिन चालू असताना साधारण 14.4 व्होल्ट मिळतात. त्यांचा वर्ग करून स्पीकरच्या 4 ओहमने भागल्यास जवळपास 52 येतात, आणि खोक्यावरचे 50 वॉट असे येतात. तो आवाज पूर्ण फाटल्यावरचा कमाल आकडा आहे. स्वच्छ आवाजात प्रत्येक चॅनेलला, म्हणजे प्रत्येक स्पीकरला, पंधरा ते वीसच्या आसपास आरएमएस (सतत मिळणारे) वॉट मिळतात, तेव्हा खोक्यावर आरएमएस हा शब्द शोधा. जुने स्पीकर एवढे पेलतात, मात्र आवाज फाटेपर्यंत वाढवला तर तेही जातील. फक्त नकाशा हवा असेल, तर अ‍ॅम्प्लिफायरच्या फंदात पडू नका.

होटगी रोडकर: दोघांचेही आभार. कपलर आणि फ्रेम घेऊन काल काम करून घेतले. चावी काढून दहा मिनिटांऐवजी रात्रभर थांबलो. सकाळी स्टेशने जागच्या जागी होती. आवाज कमी करण्याचे बटण मात्र गाणे बदलते आहे, ते उद्या पुन्हा शिकवून घेईन.