मदत हवी आहे: दाढीवाल्याचं डोकं कोरलेलं व्हायोलिन खरंच 1515 चं?

तिरपागडा: उद्या संध्याकाळी लिलाव संपतोय, पटकन सांगा. चिठ्ठीवर ‘गास्पार दुइफोप्रुगार, बोनोनिएन्सिस, 1515’. पाठीवर शहराचं जडावकाम. खरं की नकली?

कोपऱ्यातला_ठोकळा: तारा किती? पाठ सपाट की फुगीर? आणि फोटो आतला द्या, शहराचा नको.

तिरपागडा: चार तारा, पाठ फुगीर. त्याने काय फरक पडतो?

कोपऱ्यातला_ठोकळा: पडतो. दुइफोप्रुगार म्हणजे वाद्यं बनवणारा गास्पार टिफेनब्रुकर. त्याच्या 1562 च्या कोरीव चित्रात त्याचं वय 48 दिलंय. म्हणजे 1515 ला स्वारी पाळण्यात! बरं, वाद्यं केली ती फ्रान्समधल्या लियाँला, चिठ्ठीतल्या ‘बोनोनिएन्सिस’प्रमाणे बोलोन्याला नव्हे. आणि असं चार तारांचं व्हायोलिन तेव्हा जन्मायचं होतं. हा प्रकार एकोणिसाव्या शतकातला. पॅरिसच्या व्हियोम या कारागिराने केलेली चांगली असतात, पुढे फ्रान्समधल्या मिरकूर आणि जर्मनीत सॅक्सनीतल्या मार्कनॉयकिर्खेनहून घाऊक माल निघाला.

वर्षवलय: डेंड्रो (लाकडातल्या वलयांवरून काळ काढणं) करून घ्या, वाद मिटेल. पुढच्या फळीचा मोजपट्टीसकट, 600 डीपीआयचा स्कॅन द्या. शेवटचं वलय 1790 चं निघालं की खेळ खलास.

कोपऱ्यातला_ठोकळा: उद्या संध्याकाळपर्यंत? आणि वलय फक्त ‘याआधीचं नाही’ एवढंच सांगतं. जुन्या तुळईचं लाकूड वापरलं असेल तर काय?

वर्षवलय: खोटं पाडायला तेवढं पुरतं. चिठ्ठी तर कुणीही छापतो.

गटवाली: गटच्या (आतड्याच्या) तारा लावा, स्टील नको. जुन्या फळीवर ताण येतो.

कोपऱ्यातला_ठोकळा: ताई, तारांचं कुणी विचारलंय? तिरपागडा, पुढच्या फळीवरच्या f आकाराच्या एफ-छिद्रातून छोटा आरसा आणि टॉर्च घालून बघायला सांगा. बास बार (फळीच्या आतली आधाराची लांब पट्टी) वेगळा चिकटवलाय की फळीतूनच कोरलाय? कोपऱ्यांत आतून आधाराचे लाकडी ठोकळे आहेत का? स्वस्त सॅक्सन मालात कधी फक्त खालचे दोन असतात, कारण छिद्रातून तेवढेच दिसतात. मानेचा जोडही पाहा. इतक्या जुन्या वाद्याची मान बदललेलीच असते. खुंट्यांच्या पेटीच्या गालावर जोडाची रेघ असेल, तर ती आतल्या बाजूलाही उतरते का आणि लाकडाच्या रेषा तिथे बदलतात का? नुसती वरवर ओरखडलेली असेल तर समजून जा, जोड नकली.

लाखेरी: यूव्ही टॉर्चही मारा. नारिंगी चमकलं तर शेलॅक (लाखेचं वॉर्निश). झीज हात आणि हनुवटी लागते तिथेच हवी, सगळीकडे सारखी नको.

वर्षवलय: शेलॅक दुरुस्तीतही वापरतात, त्यावरून काही ठरत नाही.

तिरपागडा: विक्रेत्याने फोटो पाठवला. वरचे कोपरे रिकामे, खालच्यांत ठोकळे. बार फळीतूनच कोरलेला. बोली लावू?

कोपऱ्यातला_ठोकळा: ही तर स्वस्त सॅक्सन मालाचीच लक्षणं. कोरीवकाम आवडलं असेल तर तेवढ्यापुरती लावा. 1515 चे पैसे देऊ नका. आणि खुंट्या हस्तिदंती आहेत का ते आधी विचारा, कस्टममध्ये अडकेल.

गटवाली: मग तारा कुठल्या घेताय?