१९६८ च्या कॅमॅरोत २००२ चे इंजिन: आधी इंजिन बसवावे की आधी सस्पेन्शन सुधारावे?

मिशिगनकर:
नमस्कार. माझ्याकडे १९६८ ची शेवरोले कॅमॅरो आहे. ३२७ घनइंची व्ही-८ इंजिन, दोनच गिअरांचा पॉवरग्लाइड ऑटोमॅटिक, चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि मागे दोन्ही बाजूंना एकेरी पाटा (एकाच पात्याची स्प्रिंग), असे तिचे सारे काही मूळचे आहे. गेल्या हिवाळ्यात उलटून छत चेपलेली २००२ ची कॅमॅरो झेड२८ मला मिळाली. तिचे एलएस१ इंजिन, सहा गिअरांचा टी५६ गिअरबॉक्स, संगणक आणि वायरिंग शाबूत आहे. जुन्या गाडीत हे सर्व बसवायचे ठरवले आहे. मात्र सुरुवात इंजिनापासून करावी की सस्पेन्शन आणि ब्रेकपासून, आणि नव्या गाडीचा मागचा अ‍ॅक्सल व पुढचे सस्पेन्शनही जसेच्या तसे घेता येईल का, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

ओहायोतील वाचक:
सुरुवात खालूनच करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तुमच्या ३२७ ची कागदावरची २१० अश्वशक्ती ही त्या काळच्या पद्धतीने, म्हणजे इंजिन गाडीबाहेर ठेवून आणि बरीचशी जोडलेली यंत्रे वगळून मोजलेली आहे. एलएस१ ची ३१० मात्र सर्व यंत्रे जोडून मोजलेली आहे, त्यामुळे प्रत्यक्षातला फरक शंभरापेक्षा बराच जास्त आहे. एवढा जोर ड्रम ब्रेकच्या भरवशावर रस्त्यावर आणणे मला धोक्याचे वाटते.

नव्या गाडीचे पुढचे सस्पेन्शन तुमच्या गाडीला बसणार नाही, कारण १९६८ च्या कॅमॅरोत पुढची सबफ्रेम (इंजिन व पुढची चाके पेलणारी वेगळी चौकट) रबरी बुशांवर बॉडीला बोल्टने जोडलेली असते आणि २००२ च्या गाडीची रचना पूर्णपणे वेगळी आहे. तिचे पुढचे डिस्क ब्रेक मात्र जरूर वापरावेत. चाकाच्या बोल्टांचे वर्तुळ दोन्ही गाड्यांत ४.७५ इंचांचेच आहे. जुन्या स्पिंडलवर (चाक ज्यावर फिरते त्या भागावर) कॅलिपर, म्हणजे डिस्कला चिमटा घेणारा भाग, बसवण्यासाठी जोडपट्ट्या लागतील, मूळची चौदा इंची चाके जाऊन सोळा इंची येतील, आणि मास्टर सिलिंडरही डिस्कसाठीचा घ्यावा लागेल.

जुन्या गाडीचा खरा दोष पुढच्या भूमितीत आहे. वळणावर गाडी कलली की बाहेरचे चाक वर दबले जाते आणि त्याच वेळी त्याचा माथा बाहेर झुकतो, म्हणजे टायर नेमका गरजेच्या क्षणी कडेवर उभा राहतो. त्या वेळच्या बायस-प्लाय (तिरप्या थरांच्या जुन्या बांधणीच्या) टायरांबरोबर हे खपून जात असे, पण आजच्या रेडियल टायरांची पकड त्यामुळे वाया जाते. सस्पेन्शनच्या वरच्या आर्मचा बसण्याचा बिंदू खाली आणण्याचा, शर्यतपटू गुल्डस्ट्रँड यांच्या नावाने ओळखला जाणारा बदल यासाठीच आहे. सबफ्रेमला काही छिद्रे पाडण्यापलीकडे त्यात फारसा खर्च नाही आणि गुण मात्र पहिल्याच वळणावर कळतो.

त्याआधी एक तपासणी करावी. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे बॉडीच्या बुशांभोवतीचा आणि पाट्याच्या पुढच्या टोकाजवळचा पत्रा टोकदार हत्याराने टोचून पाहावा. तिथे गंज असेल, तर बाकी सर्व कामे थांबवावीत.

टेक्सासहून एक:
मागच्या बाजूबद्दल लिहितो. नव्या गाडीचा अ‍ॅक्सल घेऊ नये. तो तुमच्या बॉडीला रुंद पडतो. त्याचा टॉर्क आर्म (अ‍ॅक्सलला पिळवटू न देणारा लांब दांडा) पुढे गिअरबॉक्सच्या शेपटाला जोडलेला असतो, म्हणून ती सारी व्यवस्था नव्याने उभी करावी लागते. आणि इतके करूनही त्याचा रिंग गिअर (अ‍ॅक्सलमधले मोठे दातेरी चक्र) साडेसात इंचांच्या आसपासचा, म्हणजे तुमच्या मूळच्या ८.२ इंची टेन-बोल्ट अ‍ॅक्सलपेक्षाही लहान आहे. पॉवरग्लाइडच्या पहिल्या गिअरचे गुणोत्तर सुमारे १.८ आहे, तर टी५६ चे २.६६ आहे, म्हणजे इंजिन तेच ठेवले असते तरी केवळ गिअरच्या गुणोत्तरामुळे अ‍ॅक्सलवरचा पीळ जवळजवळ दीडपट झाला असता. ८.८७५ इंची ट्वेल्व्ह-बोल्ट किंवा फोर्डचा नऊ इंची अ‍ॅक्सल योग्य मापाचा करून घ्यावा आणि त्यात ३.७३ चे गुणोत्तर ठेवावे, कारण सहावा गिअर ०.५० चा असल्याने ३.०८ सारख्या गुणोत्तरावर महामार्गावर इंजिन घरघरत राहील. एकेरी पाटा जोर लागताच पिळवटतो आणि चाके उड्या मारतात. शेवरोलेने १९६८ पासून मागचा एक शॉक-अ‍ॅब्सॉर्बर अ‍ॅक्सलच्या पुढे आणि दुसरा मागे बसवला, तो याच त्रासावरचा उपाय होता. परंतु तुमच्या इंजिनाला अनेक पात्यांचा पाटाच लागेल.

सर्वांत जास्त चुका गिअरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत जाणाऱ्या शाफ्टच्या कोनात होतात. माझ्या गाडीचे काम ज्या कारखान्यात झाले, तिथे बोगद्याचा (गिअरबॉक्स व शाफ्टवरच्या जमिनीच्या उंचवट्याचा) पत्रा कापायला नको म्हणून गिअरबॉक्सचे शेपूट खाली सोडले गेले. ताशी ६५ मैलांवर आसनाखाली अशी थरथर होई की मी दोनदा शाफ्ट तोलून घेतला, पण दोष शाफ्टचा नव्हताच. गिअरबॉक्सचा कल आणि पिनियनचा (अ‍ॅक्सलमध्ये शाफ्ट जिथे जोडतो त्या गिअरचा) कल परस्परांना समांतर हवेत, म्हणजे दोन्ही टोकांच्या जॉइंटांचे कोन सारखे होऊन एकमेकांना छेद देतात. फरक एका अंशाच्या आत असावा आणि तो गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असताना मोजावा. शेवटी बोगदा कापून वर उचलला, तेव्हाच थरथर गेली. तुम्हीही पत्रा कापण्याची तयारी आधीच ठेवा.

मिशिगनकर:
दोघांचेही मनापासून आभार. आधी गंज तपासतो, मग ब्रेक आणि अ‍ॅक्सल. इंधन आणि वायरिंगबाबतही कोणी सांगू शकेल का?

कॅलिफोर्नियातील वाचक:
जुन्या कार्बोरेटरला पाच-सात पीएसआय (चौरस इंचाला पौंड) दाब पुरत असे. एलएस१ ला ५८ लागतो. टाकीतच पंप असलेली, आतून आडभिंतींची नवी टाकी घ्यावी, म्हणजे वळणावर इंधन एका बाजूला सरकून पंप कोरडा पडत नाही. १९९९ ते २००३ च्या कॉर्व्हेटचा फिल्टर वापरावा; दाब नियंत्रित करणारा रेग्युलेटर त्यातच असतो आणि इंजिनापर्यंत एकच नळी न्यावी लागते. तुमच्या इंजिनाचा थ्रॉटल केबलवर चालतो, ही सोय मोठी आहे. संगणकातील चोरीविरोधी कुलूप मात्र प्रोग्रॅम बदलून काढल्याशिवाय इंजिन चालू राहणार नाही. तेलाचे मूळ पॅन शक्यतो बदलू नका, ते जुन्या सबफ्रेमवर चांगले बसते. एसीचा कॉम्प्रेसर मात्र सबफ्रेमला अडतो, तेव्हा तो वर घेण्याचे ब्रॅकेट इंजिन आत सोडण्यापूर्वीच लावून घ्या.